जित्ती भेग

तुमच्या डोक्यावरच्या छताला गेलेली भेग जिवंत आहे की मेलेली, हे तुम्ही कधी तपासून पाहिलं आहे का?

आमच्या घरात ते तपासायची रीत होती. भेगेवर आडवी, बोटभर रुंद कागदाची पट्टी चिकटवायची. दोन्ही टोकांना पिठाची खळ, मधला कागद ताणलेला. मग वाट पाहायची, एक उन्हाळा आणि एक पावसाळा. पट्टी शाबूत राहिली तर भेग मेली. तिचं जे व्हायचं होतं ते होऊन गेलं, आता तिला दगडानं भरायला हरकत नाही. पट्टी फाटली तर भेग जित्ती, ती अजून चालते आहे. जित्त्या भेगेत दगड भरायचा नाही, हा आईचा एकच नियम होता. तो तिनं आयुष्यात एकदा मोडला.

आईच्या पेटीवर कागद ठेवून मी हे लिहिते आहे. पेटी खोक्याच्या लाकडाची आहे. भिलाईच्या कारखान्याची यंत्रं ज्या खोक्यांतून आली, त्या खोक्यांच्या फळ्या. उजव्या बाजूला अजून ती रशियन अक्षरं दिसतात, काळी, जाड, आरशात पाहिल्यासारखी उलटी. आणि झाकणावरून, कडेवरून, तळाकडे वळत जाणाऱ्या दगडाच्या रेघा. लाल दगड राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणीचा, पांढरा नंदिनीच्या चुनखडीचा, काळा आईच्या माहेरच्या मँगनीजच्या खाणीतला, भंडाऱ्याकडचा. तेच तीन दगड जे कारखान्याच्या लोखंडाच्या भट्टीत जायचे होते. मोठ्या भट्टीच्या आधी ते आमच्या पेटीच्या भेगांमध्ये शिरले.

झाकणावर एक भेग मात्र मोकळी आहे. तिच्यात करंगळीचं नख जातं. गेली नऊ वर्षं आईनं ती भरली नाही आणि कुणाला भरू दिली नाही.

आम्ही आलो तेव्हा मी सात वर्षांची होते. रुआबांध्याच्या अलीकडे, पत्र्याच्या आणि तट्ट्याच्या झोपड्यांची रांग होती, तिला सगळे कॅम्प म्हणत. बाबा खलाशी होते, म्हणजे उंचावर चढून लोखंड बसवणारे. आई गिट्टी फोडायची. दिवसभर जमिनीत लोखंडी खांब ठोकायचं यंत्र चाले, धम्म, मग मधली शांतता, मग पुन्हा धम्म. त्या प्रत्येक ठोक्याला आमच्या भांड्यांतलं पाणी शहारायचं. मी पाण्यावरची वर्तुळं मोजायचे. आज कुणी मला लहानपणाचा आवाज विचारला तर मी त्या मधल्या शांततेचं नाव घेईन. पुढचा ठोका येणार हे माहीत असलेली ती शांतता.

घरोघरी पेट्या त्या खोक्यांच्याच. दूरच्या थंड मुलखातलं लाकूड होतं ते, पिवळं, डिंकाचा गोड वास असलेलं. आमचा वैशाख त्याला सोसला नाही. भर दुपारी, सगळा कॅम्प सावलीला पडलेला असताना, एखाद्या झोपडीतून आवाज यायचा, टच्. जणू कुणी बोट मोडलं. बायका माना वर करून एकमेकींकडे बघायच्या. कुणाची गेली?

मग पेटी आईकडे यायची.

आईबरोबर या कामात एक बाई असायची, सुकवारो. ती इथलीच. जिथं कारखान्याच्या कोक भट्ट्या उभ्या राहिल्या तिथं तिचं गाव होतं. गाव उठलं तेव्हा तिनं विहिरीच्या कठड्याचा एक पिवळसर दगड पदरात बांधून आणला होता. त्याचा चुरा ती चिमटीनं वापरायची, मीठ वापरावं तसा. लाख वितळवायचं काम तिचं. कुसुमाच्या झाडाची लाख ती जवळच्या कुरुद गावच्या आपल्या भावाकडून आणायची. आई खलबत्त्यात दगड कुटायची आणि तीन ढीग करायची, डाळीएवढा, रव्याएवढा, पिठासारखा. भेग खिळ्यानं साफ करायची, तळाशी जाड, वर बारीक असा दगड बसवायची, आणि सुकवारो वरून गरम लाख सोडायची. तापलेल्या चमच्याच्या पाठीनं दाबून घ्यायचं. थंड झाल्यावर ओल्या दगडानं घासायचं, शेवटी जवसाचं तेल. तेल लागलं की ती रेघ काळोखातून वर आल्यासारखी चमकायची. लाखेचा जळका-गोड वास, जवसाचा कडवट वास, डिंकाचा वास. या तीन वासांत मी वाढले.

आणि कागदात वाढले. पट्ट्या बाबांच्या पत्रकांच्या असत. बाबा सभेहून पत्रकांचा गठ्ठा आणायचे, वाटून उरलेली आईच्या हाती लागायची. मी वाचायला शिकले ते भेगांवरच्या पट्ट्यांवरून. "माणसाला माणूस म्हणून" एवढंच एका पेटीवर, "आठ तासांपेक्षा जास्त" दुसऱ्या पेटीवर. शेजाऱ्यांच्या झोपड्यांत जाऊन मी अर्धी वाक्यं वाचायचे आणि पुढचं काय असेल ते मनात लावायचे. पट्टी फाटलेली दिसली की आईला येऊन सांगायचे, "आई, तिकडच्या काकूंची जित्ती आहे." आई मान हलवायची. "राहू दे. मरू दे तिले आपल्या मरणानं."

एका भादव्यात सुकवारोनं टोपलीत गव्हाची भोजली रुजवली, पिवळीफटक, अंधारात वाढलेली. ती रोपं दोघींनी एकमेकींच्या कानांमागे खोचली. इकडच्या रिवाजानं त्या दिवसापासून त्या एकमेकींच्या भोजली झाल्या, जन्माच्या सख्या. त्यानंतर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, हाक मारायची ती भोजली म्हणूनच. मी तिला फूलदाई म्हणायला लागले, कारण आईची भोजली आपली फूलदाई होते.

बाबा चिडले. नागपूरला दीक्षा घेऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते.

"हे काय लावलं व तुनं? आपण सगळं सोडून आलो अन् तू नवीन रिवाज धरून राहिली."

"तुमच्या बावीस प्रतिज्ञेत भोजलीचं नाव कुठं हाय, दाखवा," आई म्हणाली. "गवत हाय ते. देव नाही."

बाबा हसले, कारण पत्रकात उत्तर नव्हतं. सकाळी कामावर जाताना फूलदाई दारातून म्हणायची, "सीताराम, भोजली." आई आतून म्हणायची, "जयभीम, भोजली." दोघींपैकी कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

हे सगळं मी सुखानं आठवते आहे असं समजू नका. त्या दिवसांवर आधीपासूनच कसलीतरी सावली होती. कारखान्याची चिमणी उंच होत चालली होती. रोज संध्याकाळी तिची सावली आमच्या रांगेत थोडी जास्त आत यायची. आधी नळापर्यंत, मग आमच्या दारापर्यंत, मग चुलीपर्यंत.

मुकादम आला तो दुपारी. आमच्याच भंडाऱ्याकडचा, पण आमच्या रांगेत तो कधी आत यायचा नाही, वाटेवर उभा राहून हाका मारायचा. त्या दिवशी तो उंबऱ्याच्या आत आला आणि म्हणाला, "बाई, पाणी पाजता का?"

आईनं त्याला पेला दिला. तो प्यायला, तोंड लावून, सगळा. मी आईचा चेहरा पाहत होते. तो मी अजून पाहते आहे.

मग त्यानं पेट्यांकडे पाहिलं. बोटानं एक रेघ चाचपली. "अशी कारीगिरी मी नाही पाह्यली कुठं," तो म्हणाला. "आमची एक पेटी हाय. चिमणीवर विटा चढवते ते. तिच्या बुडाच्या फळीले भेग हाय. चार दिवसांनी मोठे लोक पाहाले येऊन राहिले. तुमच्या हातानं जरा भरून द्या. ते गेले की फळी बदलतोच."

आईनं पट्टी लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाहायला गेली, फूलदाईही बरोबर होती. त्या विटांच्या पेटीत विटा भरायचं काम फूलदाईचंच होतं. त्या दोघींनी काय पाहिलं हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. फक्त घरी आल्यावर फूलदाई दारातच थांबली आणि म्हणाली, "येला झन भर, भोजली. जीयत हे." भरू नकोस, ती जित्ती आहे, असं सांगत होती ती.

"दोन-चार दिवसाचं काम हाय म्हणते तो," आई म्हणाली. "मंग फळी बदलणार हाय."

रात्रीच्या जेवणाला बाबा बसले तेव्हा आईनं पाण्याची गोष्ट सांगितली. पेटीची सांगितली नाही.

"पाणी पेला म्हणून काय उपकार केले त्यानं?" बाबा म्हणाले. "आपल्या लोकाइनं तळ्याचं पाणी हक्कानं घेतलं. हा पेलाभर पाणी कावून एवढं मोठं वाटलं तुले?"

"मले माहीत हाय ते."

"मंग?"

आईनं त्यांच्या ताटात भाकरी टाकली. "तोंड लावाच्या पहिले त्यानं पेला धुतला नाही," ती म्हणाली.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे, मला प्रत्येक प्रश्नाला उत्तर लागतं, पण त्या वाक्याचं उत्तर मला आजही कुठल्या पत्रकात सापडलेलं नाही. एवढंच कळतं की लालूच दाखवून जे घडलं नसतं, धमकावून जे घडलं नसतं, ते त्यानं पेलाभर पाण्यात करून घेतलं. आणि त्याला ते नेमकं माहीत होतं. हे मी विसरणार नाही, माफही करणार नाही.

त्या भेगेत आईनं जन्मातलं सर्वांत सुंदर काम केलं. लाल, काळा, पांढरा. फूलदाईनं लाख सोडली. भर म्हणून सांगणारी ती नव्हती, पण भोजलीला एकटं सोडायचं नाही म्हणून ती बसली, आणि शेवटी विहिरीच्या दगडाची पिवळी चिमूट तिनंच टाकली. मोठे लोक आले, त्यांनी चिमणी पाहिली, त्यातल्या एकानं म्हणे पेटीपाशी वाकून ती रेघ पाहिली आणि कौतुक केलं. मग ते गेले. फळी बदलली नाही.

ते गेल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी नवाच्या सुमाराला भोंगा वाजला. पाळी सुटायची ती वेळ नव्हती. खांब ठोकायचं यंत्र थांबलं. मी पाण्याच्या पातेल्याकडे पाहिलं, पुढचा ठोका येण्याची वाट पाहिली. तो आला नाही. पाणी इतकं स्थिर मी त्या कॅम्पात पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

विटांची पेटी डोक्याइतकी उंच उचलली होती तेव्हा बूड उघडलं. सगळ्या विटा फूलदाईच्या उजव्या हातावर आणि खांद्यावर. ती वाचली. हात कोपरापासून काढावा लागला.

बाबांनी नंतर ती फळी पाहिली. दगडाची रेघ अखंड होती. एक कण निघाला नव्हता. लाकूड तिच्या शेजारून फाटलं होतं.

चौकशी झाली. टेबल टाकून एक साहेब बसला, एक कारकून लिहीत होता, बाजूला मुकादम हात मागे बांधून उभा. आईला विचारलं, पेटी तुम्ही भरली, तेव्हा भेग वाढणारी होती का, तसं काही दिसलं का?

आई म्हणाली, "मले दिसलं नाही."

तीन शब्द. मी तिच्या पदराला धरून उभी होते. कारकुनानं लिहिलं. मग कागदावर जे लिहिलं गेलं ते बाबांनी आम्हाला घरी वाचून दाखवलं: फळीत दोष नव्हता, काम करणाऱ्या स्त्रीच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला. फूलदाई दवाखान्यातून थेट भावाकडे गेली, कुरुदला. आई भेटायला गेली नाही. लाख आणायला कुणी उरलं नव्हतं, आणि आईनं खलबत्ता पालथा घातला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या पेटीचं झाकण टच् करून गेलं. आई उठून पाहायलासुद्धा आली नाही.

मग चिमणीतून धूर निघाला. आकाश रात्री लाल व्हायला लागलं, आम्ही क्वार्टरमध्ये राहायला गेलो, कॅम्प मोडला. लोक म्हणू लागले, काय दिवस होते ते, काय एकी होती. मीही म्हणते. आणि म्हणताना तो लाल उजेड भिंतीवर हलताना पाहते.

गेल्या महिन्यात मी बाबांची जुनी पत्रकं शोधायला आईची पेटी उपसली. तळाच्या कागदाखाली एक पट्टी सापडली. मधोमध फाटलेले दोन तुकडे. एकावर "सर्वांनी वेळे", दुसऱ्यावर "वर हजर". टोकांना वाळलेली खळ, आणि खळीला चिकटलेल्या लाकडाच्या पिवळ्या कुसळ्या.

मी आईला विचारलं, कोणत्या पेटीची ही?

आई तांदूळ निवडत होती. ती थांबली नाही. "तू जाणतं," ती म्हणाली.

"तू पाहिलं होतंस."

"पाह्यलं होतं. दुसऱ्या दिवशीच फाटली होती. मी ओढून काढली अन् भरली."

"मग साहेबासमोर का बोलली नाहीस?"

"तो मुकादम पाहून राहिला होता माझ्याकडं. त्यानं पाणी पेलं होतं माझ्या घरचं." सुपातले तांदूळ तिनं खाली ठेवले. "मले वाटलं, आता हे बोलली तर तो वाटेवरूनच हाका मारीन पुन्हा. एवढंच वाटलं. बाप्पा, एवढंच."

मी ओरडणार होते. माझ्याजवळ शब्द भरपूर होते, सगळे छापील. पण तिनं हात पुसले आणि म्हणाली, "चाल माझ्यासोबत. कुरुदले."

कुरुदपर्यंत आम्ही पायी गेलो. शेतं सुरू झाली तसा कारखान्याचा आवाज मागे राहिला, पण पूर्ण गेला नाही. फूलदाई अंगणात चिंचा फोडत होती, उजवं कोपर चिंचेवर दाबून, डाव्या हातात दगड. आई फाटकाशी उभी राहिली. तिला हाक मारता येईना. नाव घ्यायचं नाही, आणि भोजली म्हणायचा हक्क राहिला की नाही हे तिला माहीत नव्हतं.

फूलदाईनं मान वर केली नाही. दगड मारता मारता म्हणाली, "जयभीम, भोजली."

आई जमिनीवर बसली. पदरातून तिनं पट्टीचे दोन तुकडे काढून चिंचांच्या टरफलांजवळ ठेवले. "फाटली होती," ती म्हणाली. "तू नाही म्हटलं होतं. तरी मी भरली. अन् मंग साहेबासमोर खोटं बोलली."

चिंचा फोडायचा आवाज थांबला. मला पुन्हा ती शांतता ऐकू आली, दोन ठोक्यांमधली.

"नौ बछर," फूलदाई म्हणाली. "नौ बछर लग गे तोला."

आईनं मान खाली घातली.

"हाथ गे, त गे. हाथ बर मैं नइ रोंव. मोला लापरवाह लिखे हें." आता ती माझ्याकडे बघत होती, आईकडे नाही. "जीयत हे, ये मैं जानत रेहेंव. फेर भोजली के हाथ के भरे रहिस, तेकर सेती ओकर तरी खड़े रेहेंव. येला लापरवाही कहिथें का, नोनी?"

भेग जित्ती आहे हे तिला माहीत होतं, पण भोजलीच्या हातची भरलेली म्हणून ती त्या पेटीखाली उभी राहिली होती.

तिनं पट्टीचा एक तुकडा उचलून कनवटीला खोचला. दुसरा आईच्या हातात परत दिला. मग मला म्हणाली, "तैं लिखथस न? त लिख. जइसे होइस, तइसे."

तिनं माफ केलं का, मला माहीत नाही. तिनं आम्हाला पाणी दिलं. निघताना ती सीताराम म्हणाली नाही. परतीच्या वाटेवर आई एकच वाक्य बोलली. "माझं बी नाव लिहिजो. झाकू नोको."

आईचं नाव भागीरथा. कुरुदला राहणाऱ्या तिच्या भोजलीचं नाव, जे ती कधी घेत नाही, ते सुकवारो. सुकवारो निष्काळजी नव्हती. हे छापलेलं असावं म्हणून मी हे लिहिलं आहे. मुकादमाचं नाव मी लिहिलेलं नाही. तो एकटाच आहे असं समजून तुम्ही निवांत झोपावं, अशी माझी इच्छा नाही.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. हे पान वाचून झालं की जपून ठेवू नका. कात्री घ्या आणि याच पानाची बोटभर रुंद पट्टी कापा. थोडं पीठ शिजवून खळ करा. तुमच्या शाळेच्या भिंतीला, कामावर माणसं-विटा वर चढवणाऱ्या पाळण्याच्या फळीला, पुलाला, छताला, जिथं कुणीतरी रंग लावून, रेघ ओढून भेग सुंदर करून ठेवली असेल, तिथं ही पट्टी आडवी चिकटवा. रोज जाऊन बघा. फाटली, तर खाली जो उभा असेल त्याला आधी बाजूला घ्या. आणि टेबलामागे बसलेला माणूस विचारील तेव्हा, बाजूला कुणीही हात बांधून उभा असो, त्यानं तुमच्या घरचं पाणी प्यायलेलं असो, म्हणा: मला दिसलं होतं.